वाचकांचे प्रश्न : वर्कस्टेशनचा वेग मोजायचा कसा आणि किंमत धरायची कोणती?

नेटवर्कला जोडलेली वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचे ताकदवान संगणक, निवडताना वेग आणि खर्च यांची तुलना कशी करावी, याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उदाहरणांतल्या किमती कुठल्याही चलनातल्या नाहीत, त्या फक्त परस्परांशी प्रमाण दाखवतात.

प्रश्न : आमच्यापुढे दोन कोटेशन आहेत. एका वर्कस्टेशनमध्ये ८ कोअर आणि क्लॉक जास्त, दुसऱ्यात १६ कोअर पण क्लॉक कमी. कोणतं वेगवान, हे कागदावरून ठरवता येईल का?

नाही. क्लॉकचा आकडा सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच सांगतो. एका ठोक्यात किती काम उरकतं, हे प्रोसेसरच्या रचनेवर अवलंबून असतं. त्यामुळे एकाच पिढीतले, एकाच रचनेचे प्रोसेसर असतील तरच क्लॉकची तुलना कामाची.

कोअरचंही, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी वेगवेगळं काम करणाऱ्या भागांचंही, तसंच. समजा, तुमच्या कामाचा ८० टक्के भाग अनेक कोअरवर वाटता येतो आणि २० टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो. असं काम ८ कोअरवर एका कोअरच्या सुमारे ३.३ पट वेगाने होईल आणि १६ कोअरवर ४ पट. म्हणजे कोअर दुप्पट झाले, पण फायदा मिळाला २० टक्के. कोअर वाढवताना क्लॉक तेवढाच खाली आला असेल, तर तोही गेला. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशेब कोटेशन उघडण्याआधी करून बघावाच.

खरा निकाल तुमच्या स्वतःच्या कामावरच लागतो. विक्रेत्याकडून दोन्ही मशीन आठवडाभर चाचणीसाठी मागून घ्या. तुमच्याकडे रोज होणाऱ्या कामांपैकी तीन ते पाच कामं निवडा. त्यांत एक लांबलचक गणिताचं, एक डिस्कवर भार टाकणारं आणि एक नेटवर्कवरच्या फाइली वापरणारं असावं. प्रत्येक काम निदान दोन-तीन मिनिटं चालेल एवढं मोठं ठेवा. दहा सेकंदांच्या कामात मागे चालणाऱ्या एखाद्या अपडेटनेही निकाल फिरतो. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कंपायलरचे (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पर्याय आणि डेटा अगदी सारखा हवा. पॉवर सेटिंग दोन्हीकडे एकच आहे ना, हेही पाहा. एका मशीनवर ‘बॅलन्स्ड’ आणि दुसऱ्यावर ‘परफॉर्मन्स’ असेल, तर तुम्ही मशीनची नव्हे, सेटिंगची तुलना करत आहात.

मोजायला सुरुवात करण्याआधी मशीनवर २०-३० मिनिटं पूर्ण भार टाकून ते तापू द्या. आजचे प्रोसेसर पहिली काही सेकंदं, कधी मिनिटभर, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज घेऊन धावतात आणि मग खाली येतात. खोकं लहान आणि पंखा कमजोर असेल तर आणखी खाली येतात. तुमचं काम दोन तास चालणारं असेल, तर पहिल्या मिनिटातल्या वेगाचा तुम्हाला काही उपयोग नाही. मग प्रत्येक काम पाच वेळा चालवा आणि पाच वेळांपैकी मधली वेळ धरा. सर्वांत चांगली धरू नका, सरासरीही धरू नका. एखादी वेळ अवाच्या सवा निघाली तर सरासरी तिच्या मागे ओढली जाते, मधली वेळ जागची हलत नाही.

युनिक्स किंवा लिनक्सवर असाल तर ‘टाइम’ या कमांडचे तिन्ही आकडे लिहून ठेवा. ‘रिअल’ म्हणजे घड्याळातला वेळ, ‘युजर’ आणि ‘सिस’ म्हणजे प्रोसेसरने खर्च केलेला वेळ. ‘युजर’ आणि ‘सिस’ची बेरीज करून तिला ‘रिअल’ने भागा, सरासरी किती कोअर कामात होते ते कळतं. १६ कोअरच्या मशीनवर हा भागाकार ३ आला, तर उरलेल्या १३ कोअरचे पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात भागाकार १ पेक्षा बराच खाली, ०.४ वगैरे आला, तर प्रोसेसर बराच वेळ कशाची तरी वाट पाहत बसला आहे. बहुधा डिस्कची, नाहीतर नेटवर्कची. अशा कामासाठी महागडा प्रोसेसर घेतला तर तो जास्त वेगाने वाट पाहील, एवढंच.

प्रश्न : दोन कामांवर दोन मशीन तपासली. एका पद्धतीने सरासरी काढली तर ‘अ’ २५ टक्क्यांनी पुढे येतं, दुसऱ्या पद्धतीने ‘ब’ २५ टक्क्यांनी पुढे येतं. आकडे तेच आहेत. चूक कुठे होते आहे?

गुणोत्तरांची साधी सरासरी काढण्यात. तुमच्यासारखेच पण सोपे आकडे घेऊ. पहिल्या कामाला ‘अ’ला १० मिनिटं लागतात, ‘ब’ला २०. दुसऱ्या कामाला ‘अ’ला १०० मिनिटं आणि ‘ब’ला ५०. ‘ब’ला पाया धरला तर ‘अ’चा वेग पहिल्या कामात २ पट आणि दुसऱ्यात ०.५ पट. सरासरी १.२५, म्हणजे ‘अ’ पुढे. आता ‘अ’ला पाया धरा. ‘ब’चे आकडे ०.५ आणि २. सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे ‘ब’ पुढे! ज्याला पाया धरलं ते हरतं. विक्रीच्या तक्त्यात पाया कोणाला धरला आहे, हे पहिल्यांदा बघायचं ते यासाठी.

भूमितीय सरासरी घेतली तर हा घोळ होत नाही. २ आणि ०.५ यांचा गुणाकार १, त्याचं वर्गमूळ १, म्हणून दोन्ही मशीन बरोबरीत. पाया बदलला तरी उत्तर बदलत नाही. संगणकांच्या वेगाच्या चाचण्या ठरवणाऱ्या स्पेक या संस्थेचे प्रसिद्ध आकडे याच पद्धतीने काढलेले असतात.

पण तुम्हाला तुमच्या ऑफिससाठी मशीन घ्यायचं आहे, त्यामुळे भूमितीय सरासरीवरही थांबू नका. कोणतं काम दिवसात किती वेळा होतं, ते मोजा. दोन्ही कामं एकेकदा होत असतील तर ‘अ’ला ११० मिनिटं लागतात, ‘ब’ला ७०, आणि ‘ब’ सरळ जिंकतं. पहिलं काम दहादा आणि दुसरं एकदा होत असेल तर ‘अ’ला २०० मिनिटं, ‘ब’ला २५०, आणि ‘अ’ जिंकतं. पहिलं काम पाचदा झालं की दोन्ही बरोबर १५०वर येतात. तुमचं ऑफिस या पाचच्या कोणत्या बाजूला आहे, यावर सगळा निर्णय आहे, आणि तो आकडा कोणत्याही छापील बेंचमार्कमध्ये, म्हणजे ठरीव वेग-चाचणीत, सापडणार नाही.

प्रश्न : चाचणीत नवं वर्कस्टेशन जुन्याच्या दुप्पट वेगाने चाललं. तशी १२ घेतली. आता सगळे एकदम कामाला बसले की फरकच जाणवत नाही. मशीन वाईट निघाली का?

मशीन ठीक असतील. चाचणी एका मशीनची झाली आणि काम १२ मशीनचं चाललं आहे. फाइली सर्व्हरवर असतील तर सगळ्यांची वाट एकाच दारातून जाते.

आधी हिशेब बघा. १ गिगाबिटच्या इथरनेटवर, नेहमीच्या १५०० बाइटच्या पॅकेटने, टीसीपीमधून (डेटा पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) प्रत्यक्ष डेटा जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे ९४१ मेगाबिट जातो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे अंदाजे ११७ मेगाबाइट. सर्व्हरला १ गिगाबिटचं एकच पोर्ट असेल, तर २ गिगाबाइटची फाइल एकट्याला १७ सेकंदांत मिळते. बाराही जणांनी आपापली फाइल एकदम मागितली की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला दहाएक मेगाबाइट येतात आणि त्याच फाइलला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. इथे प्रोसेसर दुप्पट असो की चौपट, साडेतीन मिनिटं ठरलेलीच.

अडलं कुठे आहे ते एकेक थर मोजून शोधा, आणि क्रम मोडू नका. पहिल्यांदा फक्त नेटवर्क. सर्व्हरवर आणि वर्कस्टेशनवर ‘आयपर्फ ३’ ही नेटवर्कचा वेग मोजणारी चाचणी चालवा, दोन्ही दिशांनी, प्रत्येकी ३० सेकंद. यात डिस्कचा संबंधच नसतो, त्यामुळे ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की केबल, स्विच (सगळ्या केबल जोडणारा डबा) आणि नेटवर्क कार्ड यांना बाजूला काढता येतं. दुसऱ्यांदा फक्त डिस्क. सर्व्हरवरच बसून ‘फिओ’ या डिस्कच्या चाचणीने आधी सलग वाचन आणि मग विस्कळीत वाचन मोजा. तिसऱ्यांदा एका वर्कस्टेशनवरून सर्व्हरवरची फाइल वाचा. शेवटी तीच चाचणी बाराही ठिकाणांहून एकाच क्षणी सुरू करा. शेवटची पायरी हमखास गाळली जाते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच असतं.

सर्व्हरला १० गिगाबिटचं पोर्ट दिलं आणि स्विचवरही तसं पोर्ट असलं, तर बारा जणांना प्रत्येकी शंभराच्या थोडंसं खाली मेगाबाइट मिळू शकतात, पण डिस्कने तेवढं पुरवलं तरच. फिरती हार्ड डिस्क एकट्याला सलग फाइल छान वाचून देते. बारा जणांच्या बारा फाइली आल्या की तिचा हेड इकडून तिकडे धावू लागतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला नुसती अर्धी फेरी व्हायला ४.२ मिलिसेकंद लागतात, हेड हलायला वर आणखी आठएक. म्हणजे हेडच्या सेकंदाला साधारण ८० खेपा होतात. प्रत्येक खेपेत ६४ किलोबाइट उचलले तर सगळ्यांना मिळून सेकंदाला ५ मेगाबाइट! सर्व्हरचं सॉफ्टवेअर पुढचं वाचून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, पण दिशा हीच. अशा ठिकाणी पैसे सर्व्हरमधल्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर), सर्व्हरच्या मेमरीवर आणि १० गिगाबिटच्या त्या एका दुव्यावर आधी खर्च करावेत. वर्कस्टेशन नंतर.

प्रश्न : ‘आयपर्फ’मध्ये एकाच वर्कस्टेशनचा आकडा ९४ मेगाबिट येतो. बाकी सगळी ९४० दाखवतात. कार्ड बदलावं का?

आधी केबल बदला. ९४ म्हणजे तो दुवा १०० मेगाबिटवर आला आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली, प्लगमध्ये नीट बसली नाही किंवा केबल जुनी दोनच जोड्यांची असली की दुवा खाली उतरतो आणि काम मात्र चालू राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. केबल बदलूनही आकडा तोच राहिला तर स्विचचं दुसरं पोर्ट वापरून बघा, मग भिंतीतला सॉकेट, आणि कार्ड सर्वांत शेवटी.

आकडा ९४ ऐवजी ५ किंवा १० असा वेडावाकडा आणि दर वेळी वेगळा आला, तर मात्र सेटिंग तपासा. एका बाजूला ‘१०० फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) असं हाताने पक्कं केलेलं असेल आणि दुसरी बाजू ‘ऑटो’वर असेल, तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरते. पिंगला सगळं व्यवस्थित दिसतं, भार पडला की टकरा होऊन वेग कोसळतो. उपाय सोपा आहे. दोन्ही बाजू ‘ऑटो’वर ठेवा.

प्रश्न : फाइल पहिल्यांदा वाचली तर २० सेकंद, लगेच पुन्हा वाचली तर एका सेकंदाच्या आत. तुलनेसाठी कोणता आकडा धरावा?

तुमच्या कामात जे घडतं तो. दुसऱ्या वेळी फाइल नेटवर्कवरून किंवा डिस्कवरून आलीच नाही, ती वर्कस्टेशनच्या मेमरीत राहिलेल्या प्रतीतून, म्हणजे कॅशमधून, आली. रोज सकाळी नवा डेटा उघडत असाल तर पहिला आकडा खरा. एकच मॉडेल दिवसभर उघडझाप करत असाल तर दुसरा.

वाईट काय, तर दोन्हींची मिसळ. एका मशीनवर थंड (रिकाम्या) कॅशने मोजलं आणि दुसऱ्यावर गरम (भरलेल्या) कॅशने, तर २० पट फरकही निघेल आणि त्याला काडीचाही अर्थ नसेल. थंड आकडा हवा असेल तर प्रत्येक वेळेआधी मशीन रीस्टार्ट करा, किंवा लिनक्सवर ‘सिंक’ देऊन ‘ड्रॉप कॅशेस’च्या फाइलमध्ये ३ लिहा. सर्व्हरची कॅश वेगळी असते हे विसरू नका, तिलाही तेच करावं लागतं. हे जमत नसेल तर दोन्ही यंत्रांच्या मेमरीच्या बेरजेहून मोठा डेटा घ्या. एसएसडीवर लिहिण्याची चाचणीही मोठीच हवी. बऱ्याच स्वस्त एसएसडी पहिले काही गिगाबाइट त्यांच्या वेगवान भागात झेलतात आणि तो भरला की एकदम मंदावतात. एक गिगाबाइटच्या चाचणीत हे दिसत नाही.

प्रश्न : हजारो छोट्या सोर्स फाइलींचा प्रोजेक्ट एनएफएसवरून (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीने) कंपाइल करतो. नेटवर्क १ वरून १० गिगाबिटवर नेलं तरी वेळ जवळपास तेवढाच. असं का?

कारण तुमचं काम डेटा वाहण्यात अडलेलं नाही, ते सवाल-जवाबात अडलं आहे. फाइल शोध, ती बदलली का विचार, उघड, वाच, असं प्रत्येक फाइलमागे तीन-चार वेळा सर्व्हरकडे जावं लागतं. एका जाण्या-येण्याला ०.३ मिलिसेकंद आणि फाइलमागे चार खेपा धरल्या, तर २० हजार फाइलींना नुसत्या खेपांचे २४ सेकंद होतात. १५०० बाइटचं पॅकेट तारेवर घालायला १ गिगाबिटला १२ मायक्रोसेकंद लागतात, १० गिगाबिटला १.२. म्हणजे ३०० मायक्रोसेकंदांच्या खेपेतून तुम्ही जेमतेम ११ वाचवले.

नव्या फाइली लिहिताना प्रकरण आणखी जड होतं. एनएफएसचा सर्व्हर ‘सिंक’ पद्धतीने चालत असेल, आणि लिनक्सवर मुळात तीच पद्धत असते, तर फाइल तयार झाल्याची नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय तो ‘झालं’ म्हणत नाही. फिरत्या डिस्कवर त्याला १० मिलिसेकंद धरले तर कंपाइलमधून बनणाऱ्या २० हजार ऑब्जेक्ट फाइलींना २०० सेकंद.

यावर ‘असिंक’ करा असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. वेग खरंच वाढतो, पण सर्व्हर अचानक बंद पडला तर ज्या फाइली वर्कस्टेशनला ‘लिहिल्या’ असं सांगितलं गेलं त्या प्रत्यक्षात नसतात, आणि हे कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा सोर्स सर्व्हरवर राहू द्या आणि कंपाइलचं आउटपुट प्रत्येक वर्कस्टेशनच्या स्वतःच्या एसएसडीवर काढा. ऑब्जेक्ट फाइली गेल्या तरी पुन्हा बनतात, त्यांना सर्व्हरच्या सुरक्षिततेची गरजच नाही. या एका बदलाने जेवढा वेळ वाचतो तेवढा पुढच्या पिढीच्या प्रोसेसरनेही क्वचितच वाचेल. त्याउपर सर्व्हरवर लिहिणं भागच असेल, तर वीज गेल्यावरही हातातला डेटा पक्का करणारी, कपॅसिटर असलेली एसएसडी सर्व्हरमध्ये बसवा. ‘सिंक’ सुरक्षितही राहतं आणि वेगवानही होतं.

प्रश्न : मेमरीची १६ गिगाबाइटची एक पट्टी आणि ८ गिगाबाइटच्या दोन, यात वेगाचा फरक पडतो का?

पडतो. दोन चॅनेलच्या, म्हणजे मेमरीकडे दोन वाटा असलेल्या, प्रोसेसरला एकच पट्टी दिली तर मेमरीची अर्धी वाट बंद राहते. डीडीआर४-३२०० या मेमरीला एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ गिगाबाइट, दोनवर ५१.२. मोठ्या आकड्यांची कोष्टकं चाळणाऱ्या कामांत आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर हा फरक ठळक दिसतो, प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, म्हणजे त्याच्या कॅशमध्ये, मावणाऱ्या कामात जवळपास दिसत नाही. तुलनेसाठी आलेल्या दोन मशीनमध्ये पट्ट्यांची मांडणी सारखी आहे का, हे खोकं उघडून बघा. मेमरीचा वेग मोजायला ‘स्ट्रीम’ ही जॉन मॅकॅल्पिन यांची चाचणी चांगली. तिच्यातल्या प्रत्येक अ‍ॅरेचा आकार सर्वांत मोठ्या कॅशच्या निदान चौपट ठेवा, नाहीतर मेमरीऐवजी कॅश मोजली जाते.

प्रश्न : १९८०-९०च्या दशकांतल्या वर्कस्टेशनबद्दल वाचताना ‘मिप्स’ हा आकडा सगळीकडे येतो. तो सेकंदाला किती दशलक्ष सूचना, असाच घ्यायचा ना? आणि आजच्या मशीनशी त्यावरून तुलना करता येईल का?

शब्दशः घेऊ नका. त्या काळी १९७७ मधल्या ‘व्हॅक्स ११/७८०’ या संगणकाला १ मिप्स धरायची पद्धत पडली. प्रत्यक्षात ते यंत्र सेकंदाला स्वतःच्या सुमारे अर्धा दशलक्षच सूचना पार पाडायचं. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी ‘ड्राइस्टोन’ ही चाचणी तयार केली. तिच्यात हे व्हॅक्स सेकंदाला १७५७ फेऱ्या करतं, म्हणून इतरांच्या फेऱ्यांना १७५७ ने भागून मिप्स सांगू लागले. १९८९ मधल्या सन कंपनीच्या ‘स्पार्कस्टेशन १’ला २० मेगाहर्ट्झवर १२.५ मिप्स म्हणायचे, ते व्हॅक्सच्या पटीत. डिजिटल कंपनीचं ‘डीईसीस्टेशन ३१००’ त्याच वर्षीचं, त्याचा प्रोसेसर १६.६७ मेगाहर्ट्झचा. त्याचा क्लॉक कमी, पण म्हणून ते मागे होतं असं नाही. क्लॉकवरून भांडण्यात अर्थ नव्हता, हे तेव्हाही उघड होतं.

ड्राइस्टोन फार छोटी. ती पुरीच्या पुरी कॅशमध्ये मावते, पूर्णांक आणि अक्षरांच्या ओळी हाताळण्यापलीकडे जात नाही, आणि हुशार कंपायलर तिच्यातला बराच भाग ‘याचं उत्तर कुणी वापरतच नाही’ म्हणून गाळून टाकतो. म्हणूनच १९८८ मध्ये अपोलो, एचपी, मिप्स (इथे कंपनीचं नाव) आणि सन या कंपन्यांनी मिळून स्पेक ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी दहा खऱ्या प्रोग्रॅमचा संच आणला. त्यातलाही ‘मॅट्रिक्स ३००’ हा प्रोग्रॅम बाद करावा लागला. त्याचा जवळपास सगळा वेळ एकाच ओळीत जायचा. कंपायलरवाल्यांनी ती ओळ कॅशला सोयीची करून घेतली आणि त्या एका आकड्याने पूर्ण सरासरी वर नेली. आजचे स्पेकचे निकाल वाचताना ‘बेस’ बघा, ‘पीक’ नको. ‘बेस’मध्ये एका भाषेच्या सगळ्या प्रोग्रॅमना कंपायलरचे तेच पर्याय वापरावे लागतात, आणि आपण तसंच वापरतो. एक काम किती लवकर संपतं हे ‘स्पीड’मध्ये असतं, अनेक कामं एकदम टाकली तर किती उरकतात हे ‘रेट’मध्ये. वर्कस्टेशनसाठी बहुधा पहिलं महत्त्वाचं.

त्या काळातला नेटवर्कचा धडा मात्र जसाच्या तसा लागू आहे. तेव्हाची पुष्कळ वर्कस्टेशन डिस्कशिवाय यायची. मेमरी पुरली नाही की तिच्यातली पानं (डेटाचे तुकडे) १० मेगाबिटच्या, सगळ्यांत वाटलेल्या इथरनेटवरून सर्व्हरच्या डिस्कवर जायची आणि परत यायची. एकाची मेमरी अपुरी पडली की त्रास सगळ्या खोलीला. ४ मेगाबाइट मेमरी वाढवण्याने जो फरक पडायचा तो नवा प्रोसेसर घेऊन पडत नसे.

प्रश्न : ‘ब’ मशीन ‘अ’च्या दीडपट महाग आहे आणि फक्त २५ टक्के वेगवान. मग स्वस्त तेच घ्यावं, हे उघड नाही का?

नुसत्या खोक्याच्या किमतीवर उघड आहे, एकूण खर्चावर नाही. मोजायचं ते पूर्ण झालेल्या एका कामामागचा खर्च.

‘अ’ची किंमत १००, ‘ब’ची १५०. एका कामाला ‘अ’ १० मिनिटं घेतं, ‘ब’ ८. म्हणजे तासाला अनुक्रमे ६ आणि ७.५ कामं. फक्त खोकं धरलं तर तासाला एक काम उरकण्याच्या क्षमतेमागे ‘अ’ला १६.७ पडतात, ‘ब’ला २०. ‘अ’ स्वस्त. आता त्यावरच्या सॉफ्टवेअरचा परवाना वर्षाला ६० असेल आणि मशीन ५ वर्षं वापरायचं असेल, तर दोन्हीकडे ३०० वाढतात. ४०० भागिले ६ म्हणजे ६६.७, आणि ४५० भागिले ७.५ म्हणजे ६०. महाग मशीन १० टक्क्यांनी स्वस्त पडलं. परवाना जितका महाग, तितकं वेगवान मशीन फायद्याचं.

आणि आता परवान्याच्या अटी वाचा. तो मशीनमागे नसून कोअरमागे असेल आणि ‘ब’चे कोअर दुप्पट असतील, तर ‘ब’च्या परवान्याचे ६०० होतात. ७५० भागिले ७.५ म्हणजे १००. ‘अ’ दणदणीत जिंकतं. तिन्ही वेळा मशीन तीच, निकाल मात्र दोनदा उलटला. म्हणून परवान्याचा कागद कोटेशनच्या शेजारी ठेवल्याशिवाय वेग आणि किमतीचं गुणोत्तर काढायलाच बसू नये.

वीज प्लगपाशी मीटर लावून मोजा, पॉवर सप्लायवर छापलेले वॅट धरू नका. ती त्याची कमाल क्षमता असते. कामात ३०० वॅट घेणारं मशीन रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस चाललं, तर ५ वर्षांत ३००० युनिट होतात. तेच मशीन बाकी सगळा वेळ नुसतं चालू राहिलं आणि रिकामं असताना ६० वॅट घेत असेल, तर आणखी सुमारे २००० युनिट. रात्री झोपवण्याची सोय लावली की हा खर्च जवळपास जातो, आणि ती सोय दोन्ही मशीनवर नीट चालते का हे चाचणीच्या आठवड्यातच बघता येतं.

यापुढे सर्व्हर, स्विचचे पोर्ट आणि केबल यांचा प्रत्येक मशीनच्या वाट्याला येणारा भाग धरा. नव्या वर्कस्टेशनला १० गिगाबिटचं कार्ड आहे आणि स्विच १ गिगाबिटचा, तर एकतर त्या कार्डाचे पैसे वाया किंवा स्विचचे पैसे वाढीव. केबलही बघा. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, १०० मीटरला कॅट ६ए लागते. वॉरंटीत दुरुस्ती जागेवर होते की मशीन पाठवावं लागतं, याची किंमत मशीन बंद असलेल्या दिवसांत मोजा. आणि एकाच मॉडेलची बारा मशीन सांभाळणं हे चार मॉडेलची तीन-तीन सांभाळण्यापेक्षा कितीतरी सोपं. एक डिस्क इमेज, एकच ड्रायव्हरचा संच, एक सुटा पॉवर सप्लाय कपाटात ठेवला की काम भागतं. वेगात ५ टक्के मागे असलेलं मशीन केवळ या कारणासाठी घेणं पूर्णपणे योग्य आहे.

प्रश्न : सगळं मोजल्यावर फरक ३ टक्के निघाला. तो खरा मानायचा का?

एकाच मशीनच्या पाच वेळा आपसांत किती पसरल्या आहेत ते बघा. त्याच ४ टक्क्यांनी वरखाली होत असतील तर ३ टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. वेळा एका टक्क्याच्या आत असतील तर फरक खरा आहे, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही थंडावण्यात आणि चिपच्या गुणवत्तेत फरक असतो, त्यामुळे जमलं तर दुसऱ्या नगावरही मोजा. तरीही ३ टक्के टिकलेच, तर एका तासाच्या कामात ते दोन मिनिटांपेक्षा कमी भरतात. अशा वेळी किंमत, आवाज, वॉरंटी आणि मेमरी वाढवायला रिकामे राहिलेले स्लॉट यांवर निर्णय घ्या.